रुमलीचा सावा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून मनातल्या मनात तरी कबूल केलं असेल, असं तुम्हाला वाटेल — तेही नाही. देवापुढे उभी राहिले की मला नेहमी दुसरंच आठवायचं. गाय आटली आहे, पोराला ताप आहे, विहिरीचा दोर कुजला आहे. चाळीस वर्षं अशीच गेली.

आज दुपारी घरात कोणी नाही. सून धुणं घेऊन नदीवर गेली आहे. नातीची पाटी घेतली होती, पण पाटीवरचं पुसता येतं, म्हणून कागद घेतला. माझे मामा शाळामास्तर होते, त्यांच्या हट्टानं माझ्या चार यत्ता झाल्या. अक्षर अजून वळतं.

आधीच सांगते — या गोष्टीत कोणी मेलं नाही. कोणाचं घर जळलं नाही. तुम्ही म्हणाल, मग एवढं काय? तेच तर. एवढंसं होतं म्हणूनच लपवता आलं. मोठं काही असतं तर तेव्हाच फुटलं असतं.

आणि मी दुःखी बाई नाही, हेही सांगते. नवरा चांगला मिळाला. चार मुलं जगली. धाकटा तळोद्यात कचेरीत कारकून आहे, त्याच्याकडे असते. दोन वेळा जेवते, पडल्या पडल्या झोप लागते. या गोष्टीनं मला आयुष्यभर जाळलं असं लिहिलं, तर ते आणखी एक खोटं होईल. महिनोन्‌महिने मला तिची आठवणही येत नसे. तिची म्हणजे रुमलीची. पण रुमलीकडे जायचं तर आधी सावा सांगावा लागेल.

सावा तुम्ही पाहिला नसेल, पण भगर खाल्लीच असेल. उपासाची भगर — तीच ती. सावा ही गवताचीच जात. दाणा मोहरीएवढा, वर गुळगुळीत टरफल. कांडून पांढरा केला की त्याला भगर म्हणायचं. डोंगरातले लोक बर्टी म्हणतात आणि रोज खातात. आमच्या तापीकाठच्या काळ्या रानात तो आपोआप उगवला तर आम्ही तण म्हणून निंदून टाकत होतो. आमची रानं कपाशीची, ज्वारीची. पण वर्षातून एक दिवस आम्हाला त्याच तणावाचून चालत नसे.

तो दिवस ऋषिपंचमीचा. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची, त्याला पुरणपोळी घालायची, आणि पाचव्या दिवशी त्याच्या कष्टाचं काही पोटात जाऊ द्यायचं नाही. ज्वारी बाद, गहू बाद, तुरीची डाळ बाद. परसात खुरप्यानं लावलेली भाजी चालते — गिलकी, भोपळा, अळू. आणि सावा चालतो. पण तोही नांगराचा नको. बाईमाणसानं हातानं खणून पेरलेला हवा. पाळीच्या दिवसांत चुकून कुठे हात लागला असेल, त्याचा दोष या व्रतानं फिटतो म्हणतात. फिटतो की नाही मला ठाऊक नाही. माझ्या सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी सात वर्षांचं व्रत धरलं होतं. सातव्या वर्षी सात बायकांना जेवू घालून ते पुरं करायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा चार वर्षं झाली होती.

आता नांगर न लागलेला सावा आणायचा कुठून? तळोद्याच्या बाजारात भगर मिळत असे, पण ती पायथ्याच्या गावांतली, बैल लावून पिकवलेली. खरा सावा आणायची ती रुमली.

रुमली भिल्लीण. तिचा पाडा सातपुड्यात, आमच्या गावापासून दिवसभराच्या चालीवर. तिचं रान म्हणजे नुसता उतार. ती आणि तिच्या जावा कुदळीनं खणत, मुठीनं पेरत, विळ्यानं कापत, आणि खडकावर काठीनं झोडपत. दिवाळी झाली की ती डोक्यावर टोपली घेऊन उतरायची. आमच्या गावात पाच घरं तिच्याकडून सावा घेत. त्याच्या बदल्यात मीठ, गुळाचा खडा, जुनं लुगडं. मीठ तिला सगळ्यात जास्त हवं असे. तिच्या सगळ्या पाड्याचं वर्षाचं मीठ या पाच घरांवर चालायचं.

ती आली की घरात हसू यायचं. अंगणातूनच ओरडायची, "म्हतारी, आजून जित्ती शे का तू?"

सासूबाई आतून म्हणायच्या, "तुन्हाच दाना खाई खाई जित्ती शे वं. तू आनं बंद कर, मी मरी जासू."

तिच्या साव्याला धुराचा वास असायचा. ते लोक धान्य बांबूच्या कणगीत घालून चुलीच्या वर टांगून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. तो धूर दाण्यात इतका मुरायचा की कांडा, धुवा, शिजवा, पहिल्या घासाला कळायचा. सासूबाईंना तो वास फार आवडायचा. त्या म्हणायच्या, हीच खूण.

सातवं वर्ष आलं. सावा मडक्यात भरून, तोंडाला फडकं बांधून ठेवलेला होता. एक पायली. सात बायकांना पुरेल एवढा. पोळ्याच्या आधी सासूबाईंना भावाकडे जावं लागलं, तीन दिवस. जाताना मला म्हणाल्या, मी येते तोवर सावा कांडून ठेव. आंघोळ करून, कोणाशी न बोलता कांडायचा. उद्यापनाचा आहे.

सावा कांडायचा म्हणजे काय ते सांगू? ज्वारी कांडायला सोपी, दाणा मुसळाखाली थांबतो. सावा थांबत नाही. बुळबुळीत. घाव घातला की उखळातून उडतो. एकदा कांडायचा, पाखडायचा; पुन्हा कांडायचा, पुन्हा पाखडायचा; तिसऱ्यांदा सडायचा तेव्हा कुठे पांढरा होतो. एका पायलीला तीन सकाळी जातात आणि तळहाताची साल जाते. मी आधीची दोन वर्षं केलं होतं. त्या वर्षी नाही केलं.

का नाही केलं? पोटुशी होते का? नव्हते. आजारी होते का? चांगली धडधाकट होते. सासू छळत होती का? मुळीच नाही, पोटच्या पोरीसारखं वागवत होत्या. सतरा वर्षांची होते आणि मला कंटाळा आला होता. याच्यापेक्षा चांगलं कारण मी चाळीस वर्षं शोधते आहे, सापडलेलं नाही.

त्याच दिवशी चाँदबी आली. ती बांगड्या भरणारी मणेरीण, तळोद्याची. सणावाराआधी गावात यायची, ओट्यावर बसायची, बायकांच्या हातांना तेल लावून बांगड्या चढवायची. तिच्या नवऱ्याला तितर पाळायचा नाद. माझ्यासमोर मडकं उघडं होतं, एक वाटीभर उखळात होता. ती म्हणाली, असा दाणा तितराला फार आवडतो, बाजारात हल्ली मिळत नाही. माझ्या डोक्यात काय आलं ते बघा. मी म्हटलं, हा सगळा घेऊन जा आणि मला बाजारची तयार भगर आणून दे.

ती मडक्यात डोकावली. "अगे बहू, सास गुस्सा नहीं होगी?"

मी म्हटलं, तिला काय कळतंय.

"मेरे को क्या! तीतर तो सब चुगता, छिलका हो कि कोंडा," असं म्हणून ती हसली आणि सावा गोणपाटात ओतून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी भगर आली. पांढरी, स्वच्छ, एकही टरफल नाही. मला तर वाटलं, रुमलीच्यापेक्षा हीच चांगली.

मग मी आणखी एक केलं. वाटीभर जो सावा उखळात राहिला होता तो थोडा कांडला, आणि त्याचा कोंडा उखळाभोवती पसरून ठेवला. सासूबाई संध्याकाळी आल्या. त्यांनी भगर पाहिली, कोंडा पाहिला. मला जवळ बसवलं आणि माझ्या तळहातांना खोबरेल चोळलं. "तुन्हा हात कठीण शेतस वं आंडेर," म्हणाल्या — आंडेर म्हणजे लेक — "मन्हा त पहिलाच दिवशी फुटी जायेत." मी हात पुढे धरून बसले. तेल चोळू दिलं.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही, अजून नाही. आळशीपणा सगळ्याच सुना करतात.

पंचमीचा दिवस उजाडला. सासूबाई पहाटे नदीवर जाऊन आल्या, आघाड्याच्या काड्यांनी दात घासले, ओल्या केसांनी सात सुपाऱ्या मांडून पूजा केली. सात बायका ओसरीवर जेवायला बसल्या. शेजारच्या तुळसामामी त्यांत होत्या. मी वाढत होते. सातही जणींना भगर वाढून झाली, त्या जेवू लागल्या, मग सासूबाईंनी पहिला घास घेतला.

घास तोंडात तसाच राहिला. त्यांनी तो गिळला नाही, थुंकलाही नाही. मग हळूच गिळला आणि म्हणाल्या, "हाई ते नही शे."

कोणाला समजलं नाही. त्यांनी पुन्हा एक चिमूट उचलून नाकाशी धरली. "धूर नही."

तुळसामामींनी आपल्या पानातली उचलून हुंगली. त्यांचं नाक फार तिखट. "पोतडाना वास शे हाऊ! हाऊ त बाजारना दाना. नांगरना."

सात बायकांच्या पोटात बैलाच्या कष्टाचं गेलं होतं. सात वर्षांचं व्रत त्या घासाबरोबर गेलं. सासूबाईंचा चेहरा मी पाहिला. त्या रडल्या नाहीत, त्यांना रडायची सवयच नव्हती. त्यांनी हात धुतले, चूळ भरली आणि एवढंच म्हणाल्या, "रुमलीनी फसाडं माले."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझा संशय घ्यावा हे त्यांच्या मनातच आलं नाही — त्यांनी माझ्या हातांना तेल लावलं होतं ना. मी पळी घेऊन उभी होते. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? दोन शिव्या. सात बायकांसमोर लाज. फार तर महिनाभर अबोला, आणि गावभर बोभाटा की अमक्याची सून आळशी. एवढंच. मला तेवढंही नको होतं. मी पळी ठेवली आणि पाणी वाढायला घेतलं.

यालाही मी गुन्हा म्हणत नाही. गप्प राहणं सगळ्यांनाच येतं. आणि मला वाटलं होतं, दिवाळीपर्यंत विसरतील.

विसरल्या नाहीत. दिवाळी झाली आणि रुमली आली. अंगणातून नेहमीसारखी ओरडली, "म्हतारी, आजून जित्ती शे का?" आतून उत्तर आलं नाही. सासूबाई उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. रुमली टोपली उतरवायला लागली तशा म्हणाल्या, "उतारू नको. तुन्हा दाना आते मन्हा घरम्हा नको. नांगरना दाना दिन्हा तू माले."

रुमलीला पहिल्यांदा थट्टाच वाटली. ती हसली. मग सासूबाईंचं तोंड पाहून हसू थांबलं. टोपली डोक्यावर तशीच धरून ती म्हणाली, "बाई, मन्हा घर बैलच नही. कोना बैल लावू मी? आमना उतारवर बैल उभा तरी ऱ्हास का?"

मला दिसलं की सासूबाई डगमगल्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी आपलाच शब्द मागे घेतला असता. पण कुंपणापलीकडून तुळसामामी बोलल्या, "घर बैल नही त काय व्हयनं? दुसराना खळावरतून उचली आनं व्हई! या लोकेस्ना काय भरोसा!"

रुमलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं दारात उभ्या असलेल्या मला पाहिलं. तिला घरातली रीत माहीत होती, कांडायचं काम सुनेचं. ती सरळ मला म्हणाली, "पोरी, तू कांडं ना तो दाना? कांडताना धूरना वास उना नही का तुले? सांग तुन्ही सासूले."

आता सांगते. इथपर्यंत यायला मला चाळीस वर्षं लागली, आणि हे कागद.

मी म्हटलं, "नही उना."

दोन शब्द — नाही आला. माझ्या हातात सूप होतं, त्यात काय होतं ते आठवत नाही. पण मी ते शब्द अडखळत बोलले नाही, मान खाली घालून बोलले नाही. तिच्याकडे बघून बोलले. चांगल्या स्वच्छ आवाजात, शाळेत कविता म्हणावी तशी.

रुमलीनं डोक्यावरची टोपली सावरली. तिला कळलं असेल का? मला वाटतं, कळलं. निदान एवढं कळलं की ही पोरगी खोटं बोलते आहे. का बोलते आहे ते कळलं नसेल. मीठ मागायला तिनं तोंड उघडलं नाही. वळली आणि टोपली घेऊन बाकीच्या चार घरांकडे गेली. पण तुळसामामी तिच्या आधी पोचल्या होत्या. चारही घरांतून ती तशीच निघाली. त्या दिवशी दिवसभराची वाट ती भरल्या टोपलीनं चढून गेली. मीठ नव्हतं. ते वर्ष तिच्या पाड्यावर मिठावाचून कसं निघालं, हा विचार मी तेव्हा केला नाही. मी तेव्हा विचार केला की सुटले.

सुटले कसली! तळोद्याच्या भटजींनी सासूबाईंना सांगितलं की दान द्या, दोष जाईल. त्यांनी ऐकलं नाही. बाई हट्टी. म्हणाल्या, पुन्हा सात वर्षं धरते. आणि आता परक्या कोणाचा विश्वास नाही, सावा आपल्याच घरी होईल. विहिरीमागे जागा आहे, सून कुदळीनं खणील.

म्हणजे मी.

बी कुठून आणायचं? संक्रांतीला चाँदबी आली तेव्हा मी तिला हळूच विचारलं, तो सावा काही उरला आहे का. गावातली सगळी हकीकत तिच्या कानावर गेली होतीच. बांगडी चढवताना तिनं माझा हात असा दाबला की हाडं कडकडली. चार दिवसांनी फडक्यात बांधून दोन मुठी सावा तिनं आणून दिला. तितरानं खाऊन उरलेला. तिनं कोणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तेही मला ठाऊक नाही. कदाचित तिला तिचं गिऱ्हाईक सांभाळायचं असेल.

म्हणजे बघा — रुमलीवर विश्वास नाही म्हणून आम्ही घरी सावा लावला, आणि लावला तो रुमलीचाच.

सात पावसाळे मी विहिरीमागची जमीन कुदळीनं खणली. मुठीनं पेरलं, चिमण्या हाकलल्या, विळ्यानं कापलं, काठीनं झोडपलं. आणि तीन-तीन वेळा कांडलं. तुम्ही म्हणाल, शिक्षा झाली. मलाही असं म्हणायला आवडलं असतं. पण खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. पहिल्या वर्षी पाठ मोडली, दुसऱ्या वर्षी सवय झाली, तिसऱ्या वर्षी मी पावसाची वाट बघत होते. थोरला पोटात असताना तिथेच खणत होते. धाकट्याला मेढीला झोळी बांधून तिथेच निजवलं. सावा निसवला, कणसं बाहेर आली, की त्याच्यावर एक जांभळी झाक येते, ती बघायला मी सकाळी उठून जायची. वर्षातली ती जागा, तेवढे दिवस, माझ्या एकटीचे होते. सासरच्या घरात बाईला दुसरं काय एकटीचं असतं?

आणि नाव झालं. सासूबाई येईल त्याला सांगत, "दर वरीस हातघाई खंदं तिनी, बैलनी सावली पडू दिन्ही नही." हातघाई म्हणजे हातानं. चौथ्या वर्षी तुळसामामी वाडगं घेऊन आल्या — पंचमीला मूठभर दे वं पोरी. मग बाकीची तीन घरंही आली. मी दिला. कोणी गूळ दिला, कोणी खण. रुमलीची पाचही घरं माझी झाली. घराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या त्याही याच सुमारास. असली सून, म्हणायचे लोक. त्या सात वर्षांवर मी पुढची तीस वर्षं खाल्लं. सातव्या वर्षी सासूबाईंचं व्रत पुरं झालं, धूर नसलेल्या पण हातच्या भगरीवर. दोन वर्षांनी त्या गेल्या. समाधानानं गेल्या. जाताना त्यांचा हात माझ्या हातात होता.

त्यांना तरी सांगायचं होतं, असं तुम्हाला वाटत असेल. शेवटच्या दिवशी कोणाचं समाधान मोडायचं का? हे मी स्वतःलाही विचारलं होतं. पण हे मी त्यांच्यासाठी विचारलं नव्हतं, माझ्यासाठी विचारलं होतं. समाधान माझंही होतं.

रुमली मला एकदा भेटली. त्यालाही आता खूप वर्षं झाली. तळोद्याच्या बाजारात, सासूबाई गेल्यानंतर. ती लाकडाची मोळी विकायला उभी होती. मी ओळख दाखवली नसती. तिनंच हाक मारली. म्हातारी झाली होती, पण आवाज तोच.

"म्हतारी जित्ती शे का?"

मी म्हटलं, "गई."

तिनं मोळी खाली ठेवली. "चांगली व्हती," म्हणाली. "मीठ मोजी नही देये कधी. मूठघाई देये."

मग सांगितलं की आता खाली नदीजवळ सपाट तुकडा मिळाला आहे, मुलानं बैलजोडी घेतली आहे, हातानं कोणी पेरत नाही. कोणासाठी पेरणार? विचारायला कोण येतं? हे ती रागानं बोलली नाही, पाऊस किती झाला सांगावं तसं बोलली. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, तो दाना कोना व्हता वं?"

बाजार भरलेला होता, पण आमच्याजवळ कोणी नव्हतं. ऐकणारं कोणी नव्हतं. सासू मेलेली, चाँदबी मेलेली. घरात माझा शब्द चालत होता. कोणाची भीती होती मला? कोणाचीच नाही. हे नीट वाचा, कारण पहिल्या वेळी मी सतरा वर्षांची पोर होते असं तुम्ही म्हणाल. या वेळी मी पोर नव्हते. चार मुलांची आई होते.

मी म्हटलं, "माले काय मालूम." आणि पदर सारखा केला.

"बरं," म्हणाली ती, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मोळी मी घेतली नाही. घरी लाकडं होती.

ती आता असेल की नसेल? नसेल. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी होती.

पण तिचं नाव आहे. हेच सांगायला बसले होते. आमच्या घरात ते कसं राहिलं ते ऐका. सासूबाईंनी सुरुवात केली. दुधात पाणी निघालं की म्हणायच्या, रुमलीचं दूध. तुपात चरबी निघाली तर रुमलीचं तूप. मग मुलं म्हणायला लागली, मग सुना म्हणायला लागल्या. माझ्या मुली सासरी गेल्या, तिथेही हा शब्द घेऊन गेल्या. रुमली कोण होती हे आता कोणालाच माहीत नाही. ती बाई होती हेसुद्धा नाही. आमच्या घराण्यात रुमलीचं म्हणजे खोटं, एवढंच माहीत आहे.

मी तिचा दाणा फसवा म्हटला, तो दाणा चोख होता. फसवा होता तो माझा. आणि नाव तिचं लागलं.

काल रेशनची ज्वारी आली. लढाईचे दिवस, कार्डावर मिळेल ते घ्यायचं. सुनेनं सुपात घेतली तर निम्मे खडे. धाकटी नात बाजूला बसली होती, दहा वर्षांची, चुणचुणीत. खडा दाताखाली धरून बघितला आणि ओरडली, "आई, सरकारनं रुमलीची ज्वारी पाठवली!"

जेवायला बसलेले सगळे हसले. मुलगा तर ठसका लागेपर्यंत हसला. तोंड उघडायला मला एवढी चांगली वेळ पुन्हा मिळाली नसती. घरातले सगळे समोर होते, आणि आता या वयात मला कोण काय म्हणणार होतं?

मीही हसले. मग ताट पुढे ओढलं आणि जेवले.